सोंग, सोंगटी आणि खिशातला खेळ

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय. मधे दोघा-तिघांनी "ब्लॉग बंद केलास का?" म्हणून विचारलं, आत्याने तर फोनवर चांगलंच झापलं. तर मंडळी, ब्लॉग चालू आहे, विषय डोक्यात शिजायला वेळ लागला इतकंच. विषय जरा विचित्रच आहे. चार माणसांनी गोल करून बसायचं, प्रत्येकाने एकेका पात्राचं सोंग घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, असा एक खेळ पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत निघाला. तो खेळ हातात मावणाऱ्या यंत्रात कसा गेला, त्याचा हा इतिहास. आणि त्याला जोडून आपल्या जव्हार-मोखाड्याचा बोहाडा. या दोन्हींचा काय संबंध, असं म्हणाल. आहे. जरा दम धरा.

आधी बोहाडा. नातेवाईकांना सांगायला नको, पण ब्लॉगवरच्या नव्या मित्रांसाठी सांगतो. बाबा मास्तर होते आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं जव्हार भागात गेली, म्हणून माझं लहानपण तिकडचं. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आला. जव्हार हे मुकण्यांचं संस्थान, १९४८ साली विलीन झालं. जयविलास राजवाडा आणि शिर्पामाळ ही तिथली दोन ठिकाणं पर्यटकांना माहीत असतात. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज शिर्पामाळावर थांबले होते असं तिथे सांगतात. शेजारचा मोखाडा मात्र बाहेरच्या माणसाला एक तर कुपोषणाच्या बातम्यांमुळे माहीत असतो, नाही तर पाण्याच्या टँकरमुळे. मध्य वैतरणा धरण या तालुक्यात आहे, त्याचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर बायका हंडे घेऊन कोस कोस चालतात. असो, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तर या भागात होळी झाली की गावोगाव बोहाडे सुरू होतात. कोणी भोवाडा म्हणतं, कोणी जगदंबेचा उत्सव म्हणतं. रात्री जेवणंखाणं आटोपली की गावच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना माणसं बसतात, संबळ आणि पिपाणी वाजायला लागते आणि मशालींच्या उजेडात एकेक सोंग निघतं. आधी गणपती, मग मोरावरची शारदा, आणि मग देव, दानव, रामायण-महाभारतातली पात्रं अशी रांग लागते. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठमोठे रंगवलेले मुखवटे असतात. घालण्याआधी त्यांची पूजा होते. सोंग नाचत नाचत वाटेच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातं. हे काही रात्री चालतं, आणि शेवटच्या रात्री, पहाट व्हायच्या सुमाराला, जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध होतं. महिषासुर मरतो. दर वर्षी मरतो. लहानपणी मला त्याचं फार वाईट वाटायचं, कारण नाचायला तो देवीपेक्षा जोरदार असायचा. :)

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोंग कोणीही उठून घेत नाही. बरीच सोंगं ठरावीक घरांकडे चालत आलेली असतात. आजाने घेतलं, बापाने घेतलं, आता मुलगा घेतो. मुखवटा त्या घराचा, त्याचा मान त्या घराचा, आणि तो नीट नाचवायची जबाबदारीही त्या घराची. आणि दुसरी गोष्ट म्हणजे देवीचं सोंगसुद्धा परंपरेने पुरुषच घेतात.

आता अमेरिकेत जाऊ.

१९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात काही हौशी मंडळी टेबलावर शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळायची. दोन खेळाडू, दोन सैन्यं, आपल्या बुद्धिबळाचाच मोठा भाऊ म्हणा ना. त्यांच्यातल्या डेव्हिड वेस्ली नावाच्या माणसाने एकदा वेगळाच डाव मांडला. ब्राउनश्टाइन नावाचं एक काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि सैन्य देण्याऐवजी एकेका खेळाडूला त्या गावातला एकेक माणूस करून टाकलं. कोणी नगराध्यक्ष, कोणी बँकवाला. झालं! सैन्य बाजूला राहिलं आणि माणसं आपापल्या पात्रासारखी बोलायला, कट करायला, भांडायला लागली. त्याच टोळक्यातल्या डेव्ह आर्नेसनने ही कल्पना पुढे नेऊन राजे, भुयारं आणि राक्षसांच्या जगात घातली. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सकडे नियम लिहायची चिकाटी होती. दोघांनी मिळून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. खोक्यात तीन लहान पुस्तिका. पहिल्या खेपेला हजार प्रती, त्याही घरीच खोक्यात भरलेल्या. आज जगात रोल-प्लेइंग गेम म्हणून जे जे काही आहे, त्या सगळ्याचं मूळ हे खोकं.

खेळाची रीत अशी. एक जण सूत्रधार, त्यांच्या भाषेत डंजन मास्टर. बाकीचे एकेक पात्र घेणार: योद्धा, जादूगार, धर्मगुरू, चोर. सूत्रधार सांगणार, "तुम्ही भुयाराच्या तोंडाशी उभे आहात, आतून कुजका वास येतोय." खेळाडू म्हणणार, "मी मशाल पेटवतो." किंवा "मी आत दगड टाकून बघतो." जमलं की नाही हे ठरवायला फासे. नेहमीचा सहा बाजूंचा, शिवाय चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही. खेळाडू काय म्हणेल याला हद्द नाही, आणि तो जे म्हणेल त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं हे सूत्रधाराचं काम. पुस्तकात नियम नसेल तर तो मनाने ठरवतो. या खेळात शेवटी जिंकलं कोण हा प्रश्नच नसतो. डाव संपतो तो रात्र संपली म्हणून, आणि पुढच्या शनिवारी तिथूनच पुढे.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मनात आलं, अरे, हे तर सोंगच की! फक्त मुखवटा नाही, आणि गोष्टीचा शेवट आधी ठाऊक नाही.

आता हा खेळ यंत्रात घालायचा तर पंचाईत काय होणार हे तुमच्या लक्षात आलंच असेल. यंत्राला फासे टाकता येतात. यंत्राला वजाबाकी-बेरीज माणसापेक्षा चांगली येते. पण "मी आत दगड टाकून बघतो" याला उत्तर द्यायला कोणी तरी दगडाचा विचार आधी करून ठेवलेला पाहिजे. म्हणजे पहिला माणूस जो कमी होतो तो सूत्रधार. त्याच्या मागोमाग बाकीचे तिघे-चौघेही जातात, कारण यंत्र एकट्याच्या हातात असतं.

तरीही लोकांना धीर कुठला? १९७५ सालीच इलिनॉय विद्यापीठाच्या 'प्लेटो' नावाच्या शैक्षणिक संगणकावर एकाने भुयारात हिंडायचा खेळ लिहून ठेवला. विद्यापीठाच्या लोकांना कळू नये म्हणून फाइलचं नाव 'पेडिट५' असं रुक्ष, एखाद्या धड्याच्या फाइलला शोभणारं. त्यांना ते कळायचं, ते पुसून टाकायचे, आणि तो खेळ पुन्हा परत यायचा. पुढे १९८१ साली 'विझार्ड्री' आणि 'अल्टिमा' हे घरगुती संगणकावरचे खेळ आले. ते जपानमधे पोचले, आणि त्यांच्या पोटी १९८६ साली 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ साली 'फायनल फँटसी' जन्माला आले. पहिल्या 'फायनल फँटसी'त अमेरिकन खोक्यातले राक्षस इतके सरळ उचललेले होते की इंग्रजी आवृत्ती काढताना एका अनेक डोळ्यांच्या राक्षसाचं चित्र आणि नाव बदलावं लागलं.

हे झालं टेबलावरच्या यंत्रांचं. माझा विषय खिशातला आहे. त्यातले पाच प्रयत्न मला महत्त्वाचे वाटतात, आणि प्रत्येकाने वेगळीच गोष्ट टाकली आणि वेगळीच ठेवली.

पहिला प्रयत्न १९८१ चा. खेळणी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव रीतसर घेऊन हातात मावेल असा एक एलसीडी गेम काढला. कॅल्क्युलेटरला असतात तसे काळे आकडे-चित्रं उमटणारी काच, दोन-चार बटणं. चक्रव्यूहातून चालायचं, खड्डे आणि वटवाघळं चुकवायची, जादूचा बाण शोधायचा आणि ड्रॅगनला मारायचं. बस. पात्र नाही, सोबती नाहीत, गोष्ट नाही. नाव तेवढं राहिलं आणि खेळ गेला. त्या काळच्या काचेवर याहून जास्त मावतही नव्हतं म्हणा.

दुसरा १९८९ चा, आणि हा माझा आवडता. त्या वर्षी निन्टेन्डोचा 'गेम बॉय' आला. १६० बाय १४४ ठिपक्यांचा हिरवट पडदा, चार छटा, चार पेन्सिल सेल. सगळे म्हणायचे यावर उड्या मारायचे आणि ठोकळे रचायचे खेळच चालणार. आकितोशी कावाझू नावाच्या माणसाने त्याच वर्षअखेरीला त्यावर 'सागा' काढला, इंग्रजीत त्याचं नाव 'फायनल फँटसी लेजंड'. कावाझू स्वतः टेबलावरच्या या खेळाचा शौकीन. त्याने अमेरिकन खोक्याचं नाव वापरलं नाही, नियमही जसेच्या तसे घेतले नाहीत. पण टेबलावर जी एक गंमत असते, की आपली चौकडी आपण जमवायची आणि पुढे काय होईल ते नक्की नाही, ती त्याने ठेवली. माणूस घ्या, म्युटंट घ्या, राक्षस घ्या. राक्षस मेलेल्या शत्रूचं मांस खाऊन भलत्याच रूपात बदलतो. हत्यारं वापरून वापरून संपतात. चार छटांच्या पडद्यावर एक मनोरा चढत जायचं. स्क्वेअर कंपनीचा दहा लाखांवर खपलेला हा पहिला खेळ.

तिसरा १९९६ चा, 'पोकेमॉन'. तुम्ही म्हणाल तो लहान मुलांचा, त्याचा इथे काय संबंध? सातोशी ताजिरीला लहानपणी किडे गोळा करायचा नाद होता, आणि गेम बॉयवर नुसत्या उड्यांपलीकडे काही होऊ शकतं हे त्याला 'सागा' बघून पटलं होतं. गेम बॉयला दुसऱ्या गेम बॉयशी जोडणारी एक वायर होती. ताजिरीला त्या वायरीवरून इकडचा किडा तिकडे चालत जाताना दिसला. सगळे प्राणी मिळवायचे तर दुसऱ्या मुलाकडे जाऊन अदलाबदल करणं भाग. म्हणजे यंत्राने घालवलेला दुसरा माणूस त्याने वायरीच्या दुसऱ्या टोकाला परत आणून बसवला.

चौथा आणि पाचवा, दोन्ही २००७ चे. सोनीच्या पीएसपीवर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स टॅक्टिक्स' आला. यात त्या वेळच्या पुस्तकातले नियम जवळजवळ सगळेच घातले होते. निष्ठा म्हणाल तर शंभर टक्के. पण तो खेळताना माणूस मेनूच्या आत मेनू उघडत बसतो. टेबलावर हे ओझं वाटत नाही, कारण तिथे सूत्रधार अर्धे नियम डोळे मिटून सोडून देतो. यंत्र एकही सोडत नाही! त्याच वर्षी निन्टेन्डो डीएसवर जपानी 'एट्रिअन ओडिसी' आला. त्याला दोन पडदे होते. वरच्या पडद्यावर भुयार, आणि खालच्यावर पेनासारख्या काडीने त्या भुयाराचा नकाशा खेळाडूने स्वतः काढायचा. 'विझार्ड्री'च्या काळात लोक चौकटीच्या कागदावर पेन्सिलने नकाशे काढत, तेच. यंत्राला तो नकाशा आपोआप काढता आला असता. त्यांनी मुद्दाम काढू दिला नाही.

हे पाचही डोळ्यांसमोर ठेवले की मला दिसतं ते असं. ज्यांनी नाव ठेवलं किंवा सगळे नियम ठेवले, त्यांच्या हाती फारसं लागलं नाही. ज्यांनी टेबलावरची एखादीच गोष्ट निवडली, मग ती चौकडी असो, शेजारचा मुलगा असो नाही तर हातातली पेन्सिल, आणि तेवढीच नीट जपली, ते टिकले.

आता कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिका-जपानचं झालं, आपलं काय? तर आपलं उदाहरण तुमच्या सगळ्यांच्या फोनमधे आहे किंवा होतं. आपला सारीपाट. आजीकडचा कापडी सारीपाट आठवतो ना? फुलीच्या आकाराचा, कवड्या आणि लाकडी सोंगट्यांचा. 'पौबारा' हा शब्द आपण अजून बोलतो, तो या पटावरूनच बोलण्यात आला. पचिशी इंग्लंडात गेली आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला कवड्यांच्या जागी एक चौकोनी फासा येऊन तिचं 'लुडो' या नावाने पेटंट झालं. सव्वाशे वर्षांनी तोच लुडो नवी मुंबईत फोनमधे शिरला. गेमेशन टेक्नॉलॉजीज या विकास जयस्वाल यांच्या कंपनीने फेब्रुवारी २०१६ मधे 'लुडो किंग' काढला आणि २०२० च्या लॉकडाउनमधे तो कोट्यवधी फोनवर पोचला. त्यात मला सगळ्यात शहाणपणाची वाटते ती एक साधी सोय. एकच फोन मधे ठेवून चौघांनी आळीपाळीने खेळायचं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही. मोखाड्याच्या ज्या पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते तिथेही हा खेळ मी चालू पाहिलाय. फोन जमिनीवर, भोवती चार डोकी. पट बदलला, बैठक तीच. (पैसे लावून खेळायचे लुडोही निघाले, त्यावरून मुंबई उच्च न्यायालयात वाद गेला, आणि ऑगस्ट २०२५ मधे संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच केला. धर्मराजाच्या वेळी असता तर महाभारत टळलं असतं.)

आणखी एक उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या छोट्या कंपनीने ऑगस्ट २०२० मधे 'राजी' नावाचा खेळ आणला, तोही आधी निन्टेन्डोच्या स्विचवर, म्हणजे हातात घेऊन खेळायच्या यंत्रावर. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली मुलगी, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, आणि मधली गोष्ट छायाबाहुल्यांच्या रूपात. लोकांकडून वर्गणी काढून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी खेळ पुरा केला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, ही म्हण या धंद्याला फारच लागू आहे.

आता मुद्द्यावर येतो. हा सगळा इतिहास मी का उकरत बसलो? तर आमचा भाचा. नाशिकला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला टेबलावरच्या त्या खेळाचा नाद होस्टेलमधे लागला. त्याचा रूममेट मोखाड्याकडचा. त्याच्या घरात बोहाड्यातल्या एका राक्षसाचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या आहे. दोघांनी होस्टेलमधे आधी कागदावर एक खेळ रचला: बोहाड्याची रात्र, प्रत्येक खेळाडूला एक सोंग, भाचा सूत्रधार, आणि फासे. पोरांना तो इतका आवडला की तो फोनवर आणायचा, हाच शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट, असं ठरलं. आणि भाच्याने मला फोन केला, "मामा, तुम्ही तिकडे राहिलायत, जरा सांगा ना काय घ्यायचं आणि काय सोडायचं."

मी त्याला वरचा सगळा इतिहास ऐकवला. पण खरा प्रश्न इतिहासातला नव्हताच. तो मित्राच्या वडिलांनी विचारला. मुलाने फोनवर मुखवट्याचं चित्र दाखवलं, सोंग निवडायचा पडदा दाखवला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "म्हणजे हे आपलं सोंग कोणीही घेणार?"

मुलगा म्हणाला, "हो, ज्याला पाहिजे तो."

"मग ते आपलं कसं राहिलं?"

याला पोरांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही पटकन नव्हतं. टेबलावरच्या खेळाचा पायाच असा आहे की पात्र कोणीही घ्यावं, आवडेल ते घ्यावं. ती त्यातली मोकळीक आहे आणि गंमतही. बोहाड्यात नेमकं उलट आहे. तिथे सोंग माणूस निवडतं म्हणा ना. वीटभट्टीवर भिवंडीला, वसईला गेलेली घरं होळीला परत येतात, आणि वर्षभर मुकादमाच्या वहीत नुसता आकडा असलेला माणूस त्या रात्री अख्ख्या गावासमोर राक्षस म्हणून उभा राहतो. ते सोंग त्याचंच आहे हे गावाला माहीत असतं. त्याच्याकडे राहिलेल्या थोड्या गोष्टींपैकी ती एक आहे. ती एका डाउनलोडवर कोणालाही देऊन टाकायची का? आणि देणारे आपण कोण?

दुसऱ्या बाजूलाही एक गोष्ट होती. त्या मित्राची धाकटी बहीण. लहानपणापासून घरात संबळ ऐकून तिला कुठल्या सोंगाला कुठली चाल, पाऊल कुठे पडतं, सगळं पाठ. पण बोहाड्यात तिची जागा रस्त्याच्या कडेला, बघणाऱ्यांत. पोरांनी केलेला कच्चा खेळ तिने फोनवर खेळून बघितला आणि ताल एकदाही चुकला नाही. भाचा म्हणाला, "मामा, ज्याने नाचायचं त्याच्यापेक्षा तिचा हात बरोबर पडतो." आता, फोनमधे नेऊ नका असं म्हटलं तर वडिलांचा मान राहतो, पण तिच्या वाट्याला जे पहिल्यांदा येऊ पाहत होतं ते जातं. हे मला सोपं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

तीन-चार आठवडे हे चाललं होतं. भाच्याच्या कॉलेजची तारीख जवळ येत होती. शेवटी मी त्याला एवढंच म्हटलं, की बाबा रे, खिशात गेलेल्या चांगल्या खेळांनी सगळं नेलं नाही. एकच गोष्ट नेली. तुम्ही सोंगच न्यायचा हट्ट का धरताय? बोहाड्यात सोंगाशिवाय आणखी कोण कोण असतं ते मोजा. पोरांनी मोजलं. वाजवणारे असतात. बघणारे असतात. आणि सोंगाच्या पुढे-बाजूला मशाल धरून चालणारा असतो. त्याला मुखवटा नाही, त्याला घराणं लागत नाही, पण तो नसेल तर सोंग दिसतच नाही.

तर आता त्यांच्या खेळात खेळाडू मशालवाला आहे. फोनचा पडदा सुरुवातीला काळा. संबळाची चाल ऐकायची, त्या तालावर बोटाने उजेड पुढे न्यायचा, आणि उजेड जिथे पडेल तेवढंच सोंग दिसतं. ताल चुकला की सोंग अंधारात जातं. घाई केली की आपण पुढे आणि सोंग मागे. गणपतीपासून सुरू करून पहाटेच्या युद्धापर्यंत पोचायचं. जिंकायचं असं काही नाही, महिषासुर मरायचा तो मरतोच. आणि एकाच फोनवर चौघांनी आळीपाळीने मशाल धरायची सोय ठेवलीय, ती कल्पना लुडोवरून घेतली. मुखवटे कुठल्याच घराचे हुबेहूब नाहीत, पोरांनी नवे काढलेत. मित्राच्या घरचा राक्षस त्यात नाहीच. त्याच्या वडिलांनी तसं सांगितलं नव्हतं, मुलानेच काढून टाकला. वडिलांनी नंतर खेळ बघितला, थोडा वेळ खेळले, आणि म्हणाले की गणपतीची चाल तुम्ही फार जलद ठेवलीय. ती सुधारली. चाली बसवायचं काम बहिणीकडे आहे आणि खेळाच्या पहिल्या पडद्यावर तिचं नाव तालाखाली येणार आहे.

यात सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. होस्टेलमधला कागदावरचा खेळ, ज्यात पोरं रात्री दोन वाजेपर्यंत राक्षसांच्या आवाजात बोलत बसायची, तो फोनमधे आलेला नाही. तो येणारही नाही, त्याला समोरासमोर माणसंच लागतात. तो त्यांनी वहीत लिहून ठेवावा असं मी सुचवलंय. गायगॅक्स-आर्नेसननेही शेवटी तीन पुस्तिकाच तर लिहिल्या होत्या. आणि मशाल धरणारी ती बहीण उद्या खऱ्या बोहाड्यात सोंग घेईल का, हे ना फोन ठरवणार, ना मी. ते गाव ठरवेल.

तुमच्यापैकी कोणाकडे जुने सारीपाट असतील तर त्यांचे फोटो पाठवा, आणि तुमच्या घरचे नियम लिहून पाठवा. सोंगटी मेली की पुन्हा बसवायला किती दान लागायचं, पंचवीस पडल्यावर डाव परत मिळायचा का, वगैरे. प्रत्येक घरात वेगळं होतं, आणि भांडणं त्यावरूनच व्हायची. आत्या, तुझ्या ट्रंकेत एक हिरव्या कापडाचा पट होता तो अजून आहे का ते बघ. कवड्या माझ्याकडे आहेत.